घरचा कायदा : उतारवयातील घटस्फोट आणि पदरचा हिशेब

या सदराकडे येणाऱ्या पत्रांत वाटणीचे तंटे, मृत्युपत्रांचे घोळ आणि भाडेकरूंची गाऱ्हाणी हीच बहुधा असतात. गेल्या महिन्यात मात्र अमरावतीहून एक पत्र आले आणि ते आम्ही तीन वेळा वाचले. लेखिकेची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून, तिच्या अनुमतीने, त्यातील मुख्य मजकूर येथे देत आहोत.

“माझे वय ६२, यजमानांचे ६८. लग्नास ३८ वर्षे झाली. सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यापासून, म्हणजे गेली १० वर्षे, ते अकोल्यास फ्लॅट घेऊन राहतात. मी येथे वाड्यात थोरले दीर व जाऊबाई यांच्यासमवेत आहे. पूर्वी ते सणावारास येत असत. गेल्या चार वर्षांत तेही बंद झाले. दरमहा १०,००० रुपये मात्र न चुकता येतात. आमच्यात मारहाण नाही, व्यसन नाही, तिसरे माणूस नाही. बोलणे तेवढे उरलेले नाही. आता त्यांच्या वकिलांकडून परस्पर संमतीच्या घटस्फोटाचा मसुदा आला आहे. मी १५ लाख रुपये एकदाच घ्यावेत व पुढे कसलीही मागणी करू नये, असे त्यात लिहिले आहे. मुलगा पुण्याहून म्हणतो, ‘आई, सही कर आणि मोकळी हो.’ जाऊबाई म्हणतात, ‘या वयात हे शोभते का?’ मला कोणाशी भांडावयाचे नाही. परंतु सही केल्याने माझे नेमके काय जाते, हे मला कोणीच सांगत नाही. तेवढे आपण सांगावे.”

मुलाचा सल्ला प्रेमाचा आहे व जाऊबाईंचा लोकलज्जेचा. पण भगिनीने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर दोहोंतही नाही. घटस्फोट घ्यावा की न घ्यावा, हे तिच्या मनाने ठरवावयाचे आहे आणि त्यात आम्ही पडणार नाही. तिने विचारला आहे तो हिशेब. तरुण वयातील घटस्फोटात पुढे मिळवावयास आयुष्य असते. साठीनंतरच्या घटस्फोटात जे हातून सुटेल ते पुन्हा मिळवावयास वेळ नसतो. म्हणून पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रीने सहीपूर्वी आकडे मांडले, तर त्यात लोभ नाही, शहाणपण आहे.

हा प्रश्न वऱ्हाडात विचारता येतो, हेच मुळी फार जुने नाही. ज्या समाजांत काडीमोड व पाट यांची रूढी होती, तेथील स्त्रीला निदान एक वाट होती. ब्राह्मण घरांत ती रूढी नव्हती. नवऱ्याने टाकलेली बाई माहेरच्या माजघरात आयुष्य काढी आणि कागदोपत्री मरेपर्यंत सवाष्ण राही. मुंबई प्रांताने १९४७ साली हिंदूंकरिता घटस्फोटाचा कायदा केला. परंतु वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताशी जोडलेले असल्यामुळे अमरावती-अकोल्याच्या स्त्रियांस त्याचा लाभ नव्हता. डॉ. आंबेडकरांनी हिंदू संहितेसाठी आटोकाट प्रयत्न केला व ती रखडली तेव्हा १९५१ च्या सप्टेंबरात मंत्रिपदाचा राजीनामा दिला. पुढे ती संहिता तुकड्यातुकड्यांनी आली आणि १८ मे १९५५ रोजी हिंदू विवाह कायदा अमलात आला. आज ज्याचा मसुदा या भगिनीच्या हाती आहे, तो परस्पर संमतीचा घटस्फोट त्याहूनही अलीकडचा, १९७६ च्या दुरुस्तीचा आहे.

येथे एक इशारा देऊन ठेवतो. मुद्रांकाच्या कागदावर दोघांनी सह्या केल्या, दोन साक्षीदार घातले आणि नोटरीचा शिक्का मारला, म्हणजे घटस्फोट झाला असा समज अजून कित्येक सुशिक्षित घरांत आहे. ज्या समाजात तशी रूढी न्यायालयात सिद्ध करता येते तेवढ्यापुरतीच कायद्याने तिला मोकळीक ठेवली आहे. इतरांचा विवाह न्यायालयाच्या हुकूमनाम्याखेरीज मोडत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. हुकूमनामा झाला त्या दिवशी पत्नीचे काय जाते?

पहिली जाते ती वारसदारी. पती मृत्युपत्र न करता निवर्तला, तर १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे विधवा, मुलगे, मुली आणि हयात असल्यास आई हे सर्व पहिल्या वर्गाचे वारस होत व त्यांस सारखा हिस्सा मिळतो. घटस्फोटित स्त्री ही विधवा नव्हे. तिला त्यात काहीच नाही. पतीने मृत्युपत्राने आपली स्वकष्टार्जित मिळकत दुसऱ्यास दिली, तरीदेखील विधवेस त्या मिळकतीतून निर्वाह मागण्याचा हक्क १९५६ च्याच दत्तक व निर्वाह कायद्याने दिला आहे. घटस्फोटानंतर तोही दरवाजा बंद होतो.

दुसरे जाते ते कुटुंब निवृत्तिवेतन, आणि या भगिनीच्या बाबतीत हीच सर्वांत मोठी रक्कम आहे. राज्य सरकारच्या जुन्या निवृत्तिवेतनात सामान्यतः अखेरच्या वेतनाच्या निम्मे निवृत्तिवेतन व पश्चात विधवेस त्याच वेतनाच्या ३० टक्के मिळतात. यजमानांचे मूळ निवृत्तिवेतन ४०,००० रुपये आहे असे उदाहरणादाखल धरू. म्हणजे अखेरचे वेतन ८०,००० व कुटुंब निवृत्तिवेतन दरमहा २४,००० रुपये. महागाईवाढ त्यावर निराळी. वर्षाचे झाले २,८८,००० रुपये. मसुद्यातील १५ लाख म्हणजे या एका हक्काची सव्वापाच वर्षेसुद्धा पुरती नव्हेत. तेच १५ लाख द. सा. द. शे. ७ ने ठेवले, तर दरमहा व्याज ८,७५० रुपये येईल. आज विनातक्रार येणाऱ्या १०,००० रुपयांहूनही ते कमी!

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हे कुटुंब निवृत्तिवेतन भगिनीने सोडले म्हणून ते कोणाच्या घरात जाते असे नाही. यजमानांनी पुन्हा विवाह केला नाही, तर संसारास लागलेल्या मुलास वा मुलीस ते मिळावयाचे नाही. ते नुसते संपते. पत्नी पतीहून सहा वर्षांनी लहान असताना वैधव्याची वर्षे हिशेबात धरणे कटू खरे, परंतु न धरणे अधिक कटू ठरते.

तिसरा जातो तो वाटणीतील हिस्सा. आपल्याकडील मिताक्षरा परंपरेप्रमाणे पत्नीस स्वतः होऊन वाटणी मागता येत नाही. मात्र पती व मुले यांच्यात वडिलार्जित मिळकतीची वाटणी झाल्यास तिला मुलाइतका हिस्सा मिळतो. मुलींनाही महाराष्ट्रात १९९४ पासून व देशभर २००५ पासून जन्मसिद्ध सहदायिकी मिळाली आहे. तेव्हा या घरात वाटणी झालीच, तर पती, पत्नी, मुलगा व मुलगी असे चार हिस्से पडतील. वाटणीच्या दिवशी ती पत्नी असली पाहिजे, हा त्यातील मुख्य मुद्दा. अर्थात् वाडा व शेत खरोखरच अविभक्त वडिलार्जित आहेत, की १९५६ नंतर वडिलांच्या पश्चात दोघा भावांस वारसाने निरनिराळे आले आहेत, हे जुने कागद पाहूनच कळेल. वाड्याचा नगरभूमापनाचा उतारा आणि शेताचा सातबारा व फेरफार प्रथम काढून घ्यावेत.

चौथा जातो तो राहण्याचा आधार. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाच्या कायद्याने, मालकी कोणाचीही असो, ज्या घरात पत्नी संसाराच्या नात्याने राहिली त्या घरात राहण्याचा तिला हक्क दिला असून एकत्र कुटुंबाचे घरही त्यात येते. हुकूमनाम्यानंतर ते नातेच तुटते, आणि मग वाड्यातील वास्तव्य दीर-जावेच्या मायेवर राहते. आज माया आहे. परंतु उद्या दीर गेले व पुतण्यांनी वाडा विकावयास काढला, तर?

आता जे जात नाही तेही सांगितले पाहिजे. स्त्रीधन कोठेही जात नाही. लग्नात व पुढे तिला मिळालेल्या पाटल्या, गोठ, मोहनमाळ, माहेरची भांडी, भावाने भाऊबीजेस दिलेली ठेव हे सर्व तिचे एकटीचे आहे. घरच्या कपाटात अथवा बँकेच्या तिजोरीत ते दुसऱ्याच्या ताब्यात असले, तरी तो केवळ सांभाळणारा. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली हे निःसंदिग्धपणे सांगितले व २०२४ सालीही तेच पुन्हा सांगितले. तिच्या नावावरील मिळकत तिचीच राहते. मुलामुलींचे वडिलांकडील हक्क आईच्या घटस्फोटाने तिळभरही उणे होत नाहीत. आणि पोटगीचा हक्क, पुनर्विवाह करीपर्यंत, राहतो. मात्र “पुढे कसलीही मागणी करणार नाही” या एका ओळीवर सही केल्यास तो मिळविणे फार जड जाते.

येथे पुष्कळ भगिनींचा एक गोड गैरसमज असतो. “अडतीस वर्षे मी घर सांभाळले, तेव्हा त्यांच्या कमाईत निम्मे माझे,” असे त्यांस वाटते. न्यायाने ते खरे असेल. महाराष्ट्राच्या कायद्याने ते खरे नाही. शेजारच्या गोव्यात पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या नागरी कायद्याप्रमाणे, विवाहापूर्वी निराळा करार केलेला नसल्यास, पतिपत्नींची मिळकत सामाईक व निम्मी निम्मी मानली जाते. आपल्याकडे ज्याच्या नावे खरेदीखत त्याची मालकी. घटस्फोटाच्या वेळी पत्नीस पतीच्या मिळकतीत वाटा द्यावा, अशी तरतूद असलेले विधेयक २०१३ साली राज्यसभेत संमत झाले होते. परंतु ते कायद्यापर्यंत पोहोचलेच नाही. म्हणून अकोल्याच्या फ्लॅटवर या भगिनीचा आज मालकीहक्क नाही. तो मिळवावयाचा तर करारानेच मिळवावा लागेल.

मग वाटा कोणत्या? आम्हास चार दिसतात.

पहिली वाट, विवाह न मोडता निर्वाह मागणे. दत्तक व निर्वाह कायद्याच्या १८ व्या कलमाप्रमाणे पतीने सोडून दिले असता, अथवा दुसरे सबळ कारण असता, पत्नीस निराळे राहून निर्वाहखर्च मागता येतो. त्यात राहण्याची सोयही येते. या वाटेने वारसदारी, कुटुंब निवृत्तिवेतन व वाटणीतील हिस्सा सर्व शाबूत राहतात. २०१७ सालच्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने पतीच्या निव्वळ वेतनाच्या २५ टक्के ही रक्कम पत्नीस योग्य मानली होती. तो काही नियम नव्हे, पण अंदाजास उपयोगी पडतो. निवृत्तिवेतन महागाईवाढीसह ६०,००० धरले, तर चौथा हिस्सा १५,००० होतो. निवृत्तिवेतनावर जप्ती येत नाही असे सांगून कित्येक भगिनींस घाबरविले जाते. पत्नीच्या निर्वाहासाठी ती येऊ शकते, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०१८ साली दिला आहे.

दुसरी वाट न्यायालयीन विभक्ततेची. तीत विवाह कायम राहतो, एकत्र राहण्याचे बंधन तेवढे सुटते. परंतु हीत एक खाच आहे. विभक्ततेच्या हुकूमनाम्यानंतर एक वर्ष दोघे एकत्र आले नाहीत, तर दोघांपैकी कोणासही त्याच कारणावर घटस्फोट मागता येतो. ज्या भगिनीस विवाह टिकवावयाचा आहे तिने ही वाट विचार करूनच धरावी.

तिसरी वाट परस्पर संमतीची. एक वर्ष निराळे राहिल्यावर दोघांनी मिळून अर्ज करावयाचा; सहा महिन्यांनी पुन्हा दोघांनी संमती सांगावयाची. दोघे दीर्घकाळ निराळे राहिले असतील व देण्याघेण्याचे सर्व प्रश्न मिटले असतील, तर हे सहा महिने न्यायालयास माफ करता येतात, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली ठरविले. या भगिनीने एक गोष्ट गाठीस बांधावी : १९९१ च्या निकालाप्रमाणे संमती हुकूमनाम्यापर्यंत टिकली पाहिजे. पहिल्या अर्जावर सही झाली तरी हुकूमनाम्यापूर्वी ती मागे घेता येते. उलटपक्षी, संमतीने झालेल्या हुकूमनाम्यावर सामान्यतः अपील चालत नाही. म्हणजे विचाराची वेळ आधी आहे, नंतर नाही.

चौथी वाट भांडणाची : क्रौर्य किंवा दोन वर्षांचा परित्याग यांसारखी कारणे शाबीत करून मिळवावयाचा घटस्फोट. ती किती लांब जाऊ शकते याचे एक उदाहरण आहे. १९६३ साली विवाह झालेल्या एका निवृत्त सेनाधिकाऱ्याने १९९६ साली घटस्फोट मागितला. सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय १० ऑक्टोबर २०२३ रोजी लागला, तेव्हा त्यांचे वय ८९ व पत्नीचे ८२ होते. आपणास घटस्फोटितेचा शिक्का घेऊन मरावयाचे नाही, असे त्या वृद्धेने न्यायालयास सांगितले. त्याच वर्षी मे महिन्यात न्यायालयाने आपल्या विशेष अधिकारात पार मोडलेला विवाह विसर्जित करता येतो असे ठरविले होते. तरीही या प्रकरणी तो अधिकार वापरण्याचे नाकारून विवाह कायम ठेवला. सत्तावीस वर्षे दोघांची न्यायालयात गेली. पत्नीचा नकार कायद्यासमोर वजनदार असतो, हे यातून दिसते. आणि नकार व होकार या दोहोंची किंमत वर्षांनी मोजावी लागते, हेही दिसते.

आमच्या मते या भगिनीस पहिली व तिसरी याच वाटा विचारार्ह आहेत. घाई तिला नाही, यजमानांस आहे. आणि ज्याला घाई नाही त्याने अटी सांगाव्यात. तिचे मन विवाह ठेवण्याकडे असेल, तर मसुदा परत करून पहिल्या वाटेने १०,००० चे १५,००० करून मागावेत. मन मोकळे होण्याकडे असेल, तर मोकळे अवश्य व्हावे. त्यात अशोभनीय काही नाही. परंतु जे जाते त्याची भरपाई होईल असा मसुदा तिने आपल्या वकिलाकडून नव्याने लिहवून घ्यावा.

त्या मसुद्यात काय असावे? राहण्यास स्वतःच्या मालकीचे छप्पर प्रथम. अकोल्याचा फ्लॅट, अथवा त्याऐवजी अमरावतीत तेवढ्याच किमतीचे लहान घर, तिच्या नावे व्हावे. महाराष्ट्रात २०१५ पासून राहते घर किंवा शेतजमीन पत्नीस बक्षीसपत्राने देताना मुद्रांकशुल्क केवळ २०० रुपये ठेवले आहे; किरकोळ अधिभार व नोंदणीखर्च निराळे. ही सवलत पत्नीस आहे, घटस्फोटितेस नाही. म्हणून बक्षीसपत्राची नोंदणी हुकूमनाम्यापूर्वी व्हावी, हे न विसरण्यासारखे कलम आहे.

दुसरे, रोख रक्कम. एकरकमी पोटगी ही उत्पन्न नसून भांडवली प्राप्ती होय व मासिक पोटगी हे उत्पन्न होय, असे मुंबई उच्च न्यायालयाने १९८३ साली मानले आहे. तेव्हा प्राप्तिकराच्या दृष्टीने एकरकमी बरी. पण साठीच्या स्त्रीजवळ मोठी रक्कम आली की ती “तात्पुरती” मागणारे आप्तही येतात, हे आम्ही पुष्कळ घरांत पाहिले आहे. म्हणून काही रक्कम एकदम व काही मासिक, असा मेळ घालावा. मासिक पोटगी देणाऱ्याच्या आयुष्याबरोबर संपण्याचा धोका असतो. यास्तव हिंदू विवाह कायद्याच्या २५ व्या कलमात सांगितल्याप्रमाणे तिचा बोजा यजमानांच्या स्थावर मिळकतीवर ठेवावा, ती भगिनीच्या हयातीपर्यंत चालेल असे स्पष्ट लिहावे आणि बोजाची नोंद उताऱ्यावर करून घ्यावी.

तिसरे, औषधपाणी. यजमानांच्या आधाराने असलेला आरोग्यविमा घटस्फोटाबरोबर जाईल, आणि साठीनंतर नवा विमा महाग पडतो व जुन्या दुखण्यांना बहुधा लगेच लागू होत नाही. तेव्हा तिच्या नावाचा स्वतंत्र विमा आधी सुरू करून मगच हुकूमनामा घ्यावा. चौथे, स्त्रीधनाची वजनासह यादी करून ती दोघांच्या सहीने मसुद्यास जोडावी व दागिने प्रत्यक्ष ताब्यात घ्यावेत. पाचवे, जोडखाती, तिजोरी व नामनिर्देशने यांचा निकाल लावावा. नामनिर्देशन म्हणजे वारसदारी नव्हे. तथापि जुने नाव तसेच राहिल्याने दोन्हीकडे पुढे तंटे होतात.

कोणी म्हणेल, एवढे कोण देतो? हरियाणातील करनालच्या एका दांपत्याचे प्रकरण पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयात समझोत्याने मिटले, ते २०२४ च्या डिसेंबरात वृत्तपत्रांत आले होते. विवाह ४४ वर्षांचा, दोघे १८ वर्षे निराळे. पतीने आपली शेतजमीन विकून ३ कोटी ७ लाखांचा ऐवज, काही रोख व काही सोन्याचांदीच्या रूपाने, दिला. आणि त्याच्या पश्चात उरलेल्या मिळकतीवर पत्नीचा व मुलांचा हक्क राहणार नाही असे लिहून घेतले. तेथील आकडे आपल्याकडील मध्यम घरास लागू पडावयाचे नाहीत. परंतु त्यातील रीत लागू पडते : वारसदारी सोडावयाची तर तिची किंमत मिळाली पाहिजे.

यजमानांची खरी प्राप्ती किती, हा प्रश्न भगिनीस पडला असेलच. सर्वोच्च न्यायालयाच्या ४ नोव्हेंबर २०२० च्या निकालाने निर्वाहाच्या प्रत्येक दाव्यात उभयतांनी उत्पन्न, मालमत्ता व देणी यांचे प्रतिज्ञापत्र देणे आवश्यक केले, आणि निर्वाह अर्जाच्या तारखेपासून द्यावा असे सांगितले. तो दावा नागपूरच्या कुटुंब न्यायालयातूनच वर गेला होता, म्हणजे विदर्भातील एका घराच्या तंट्याने सगळ्या देशास नियम मिळाला. संमतीच्या बोलण्यातही असे प्रतिज्ञापत्र आधी मागण्यास संकोच करू नये.

दावा कोठे चालेल याची धास्ती नको. अमरावती व अकोला या दोन्ही ठिकाणी कुटुंब न्यायालये आहेत. २००३ च्या दुरुस्तीने पत्नीस आपल्या राहत्या गावी अर्ज करता येतो. तेव्हा अकोल्याच्या खेपा टाळता येतील. कुटुंब न्यायालयात वकील हा हक्क म्हणून लावता येत नाही, न्यायालयाची परवानगी लागते. तेथे समुपदेशक भेटतात व त्यांच्याजवळ मन मोकळे करण्यास हरकत नाही. सरकारने १९९४ साली स्त्रियांस निर्वाह, घटस्फोट व मिळकतीच्या दाव्यांत न्यायालय शुल्क माफ केले. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे उत्पन्न कितीही असो, कोणत्याही स्त्रीस विनामूल्य वकील मिळू शकतो; जिल्हा न्यायालयाच्या आवारातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे साधा अर्ज पुरतो. यजमानांच्या वकिलांनीच “दोघांचे काम मी पाहतो” म्हटल्यास नम्रपणे नकार द्यावा.

एक बारीक सूचना. “आम्ही उभयतांच्या संमतीने निराळे राहतो” असे वाक्य कोणत्याही पत्रात सहज लिहून देऊ नये. फौजदारी न्यायालयाकडे निर्वाह मागण्याचे जे जुने १२५ वे कलम होते ते १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेचे १४४ वे झाले आहे. परस्पर संमतीने विभक्त राहणाऱ्या पत्नीस त्याखाली निर्वाह मिळत नाही, ही अट नव्या कलमातही आहे.

आता दोन शब्द घरातील इतर मंडळींस. दीरभाऊजींनी या प्रकरणात मध्यस्थी करावयाची तर वाड्याचे कागद आधी तिच्यासमोर ठेवावेत. कागद दडवून केलेली मध्यस्थी ही मध्यस्थी नव्हे. “मोकळी हो” म्हणणाऱ्या मुलाने त्या मोकळेपणाचा मासिक खर्च किती येईल हे एकदा आईजवळ बसून लिहून काढावे. आईबापांचा निर्वाह हे मुलामुलींचे कर्तव्य १९५६ च्या कायद्याने सांगितले आहे आणि २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्याने उपविभागीय अधिकाऱ्यांपुढे त्याची दाद मागता येते. परंतु ज्या आईस तसा अर्ज करावा लागेल तिच्या म्हातारपणाचे सुख आधीच संपलेले असते. आणि यजमानांस एवढेच सांगणे, की त्यांसही एकटे वृद्धत्व काढावयाचे आहे. अडतीस वर्षांच्या सोबतिणीस १५ लाखांचा मसुदा वकिलाकरवी पाठविण्याऐवजी त्यांनी एकदा स्वतः अमरावतीस येऊन समोर बसावे. विवाह मोडावयाचा असला तरी तो आपल्या तोंडाने बोलून मोडावा, इतका मान त्या वर्षांना आहे.

भगिनीच्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात हे : सहीने वारसदारी, कुटुंब निवृत्तिवेतन, वाटणीतील हिस्सा व राहण्याचा आधार या चार गोष्टी जातात, स्त्रीधन, स्वतःची मिळकत, मुलांचे हक्क आणि नीट लिहून घेतल्यास पोटगी या चार राहतात. मसुदा पेटीत ठेवून द्यावा. त्यावर उत्तर देण्याची मुदत यजमानांच्या वकिलांनी घातली असेल, कायद्याने घातलेली नाही. या आठवड्यात वाड्याचा उतारा, सातबारा, यजमानांच्या निवृत्तिवेतनाच्या आदेशाची प्रत, बँकेची पुस्तके व दागिन्यांची यादी एवढी कागदपत्रे जमवावीत आणि ती घेऊन प्रथम विधी सेवा प्राधिकरणात जावे. काय निष्पन्न झाले ते तिने आम्हास अवश्य कळवावे. अशाच दुसऱ्या एखाद्या घरी ते उपयोगी पडेल.